नंबर पंचवीस

चिचटोला, ता. कुरखेडा
२९ नोव्हेंबर २०२३

मुजफ्फरभाऊंस लटारूचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आमच्या गावात पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही. सबब पत्र लिहीत आहे. नोकरीची बत्तीस वर्षे वनरक्षक म्हणून जंगलात गेली. त्या काळात पंचनाम्याशिवाय काही लिहिले नाही. भाषा तशीच येईल, सांभाळून घ्यावे.

घटना अशी की, आपल्या मरियम्मा सिस्टर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला भरती आहेत. चोवीस डिसेंबरला त्यांचा वरंगलचा भाचा त्यांना घरी आणून सोडणार. पण राहण्यासाठी नव्हे. नाताळ झाला की जानेवारीत तो सामानाची गाडी घेऊन येणार आणि त्यांना कायमचे वरंगलला नेणार. सव्वीस वर्षे आमच्या उपकेंद्रात नर्स, त्यानंतरची चार वर्षे भाड्याच्या त्याच घरात, आमच्यातच. निम्मे गाव त्यांच्या हातात जन्मले. आता म्हणतात, "लटारूभाऊ, हा गुडघा घेऊन एकटी मी इथी काय करू?"

सबब मी व सौ. शकुबाईने असे ठरवले आहे की, या नाताळला त्यांचे घर असे सजवायचे की बाईंचा पाय निघता कामा नये. अडचण अशी की, गावात दुसरे ख्रिस्ती घर नाही. आजवर सजावट त्यांनी केली आणि आम्ही जेवून हात धुतले. तुमचे कुरखेड्याला फर्निचरचे दुकान होते तेव्हा तुम्ही व खैरुनभाभी दर नाताळला दोन दिवस आधी येत होता. तुम्ही सगळे जवळून पाहिले आहे. तरी काय काय लागते ते क्रमवार कळवावे.

भाभी गेल्यापासून तीन नाताळ तुम्ही आला नाहीत. चंद्रपूरहून प्रवास झेपत नसेल, हे आम्ही समजतो. दारावरचा तारा मात्र पूर्वीसारखा तुमच्या हातचा, सागाचा पाठवावा.

आपला,
लटारू

*

चंद्रपूर
५ डिसेंबर २०२३

लटारू,

क्रमवार काही मिळणार नाही. नाताळ म्हणजे सरकारी कूपकटाई नव्हे, नंबरानं झाडं पाडायला.

सजावटीचं म्हणशील तर सध्या माझ्या पुढ्यात इतकी सजावट आहे की डोळे मिटून बसावंसं वाटतं. माझी सून तहसीन आणि तिच्या सोसायटीतल्या मैत्रिणींनी यंदा नाताळ करायला घेतला आहे. त्यांच्यात एकही ख्रिस्ती नाही आणि कधी कुठल्या ख्रिस्ती घरी जेवलेलीही कोणी नाही. परवा खोक्यातून प्लास्टिकचं झाड काढलं, छत्रीसारखं उघडलं आणि सगळ्या जणी टाळ्या वाजवायला लागल्या. मी चाळीस वर्षं लाकडात काढली. त्या झाडाशेजारून जाताना मला कोणी ओळखीचं बघेल अशी भीती वाटते.

मग म्हणाल्या, बर्फ पाहिजे. इथून चार किलोमीटरवर शेतं कापसानं पांढरी झाली आहेत, वेचणाऱ्या बायांची बोटं फाटली आहेत, आणि ह्यांनी पाकिटातला कापूस विकत आणला, फ्रिजवर चिकटवला आणि त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले. वॉचमनला लाल झगा आणि दाढी चढवली आहे. त्याच्या मानेवर घामोळं उठलं. माझा मुलगा जिशान म्हणतो, "अब्बा, जरा एन्जॉय करा ना." करून राह्यलो.

सिस्टरच्या घरी यातलं काही नसायचं. तुला आठवत नसेल, कारण तुझं लक्ष पातेल्याकडे असायचं. चुन्यानं धुतलेल्या भिंती, लसीकरणाचे जुने तक्ते कातरून केलेल्या कागदी साखळ्या, दारावर एक तारा आणि आत एक दिवा. बस. तेवढ्यावर ते घर असं दिसायचं की खैरुन उंबऱ्यातच थांबून बघत राहायची आणि मी मागे पिशव्या घेऊन ताटकळत उभा. पण हे तुम्हाला जमणार? तुमच्या गावात सरळ बसलेली एक चौकट मी आजवर पाहिली नाही, आणि ज्या चार बसल्यात त्या मी बसवलेल्या आहेत. तुम्ही नाताळ करायला घ्याल आणि गणपती करून ठेवाल.

आणि भिंती रंगवल्यानं माणूस थांबतो, हे तुला कोणी सांगितलं? बाई एकटेपणाला कंटाळून चालली आहे आणि तू तिला पताका दाखवणार.

तारा माझ्याकडे मागू नकोस. प्रवास मला झेपतो. न येण्याचं कारण वेगळं आहे आणि ते तुझ्या पंचनाम्यात मावणारं नाही.

मुजफ्फर

*

चिचटोला
१० डिसेंबर २०२३

मुजफ्फरभाऊंस नमस्कार.

पत्र पोचले. शकुबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "भाऊचा राग चांगला हाये, म्हणजे तब्येत बरी हाये." असो. कामाचा अहवाल खालीलप्रमाणे.

सिस्टरच्या घराची किल्ली शकुबाईकडेच असते. भिंतींना चुना दिला. लसीकरणाचे जुने तक्ते उपकेंद्रातून मागितले असता नवीन सिस्टरने ते आता संगणकात असतात असे सांगितले. सबब साखळ्यांना कागद नाही. वडशाच्या नाटक कंपनीत शकुबाईचा भाचा सुरज कामाला आहे. सध्या नाटकांचा हंगाम असूनही त्याने राजदरबाराचा जुना पडदा देण्याचे कबूल केले आहे. तो समोरच्या भिंतीवर लावू. शेजारच्या लहानूने गणपतीचे मखर दिले आहे. येशूचा जन्म गव्हाणीत झाला असे सिस्टर सांगत, त्या बाबतीत आपण कमी पडणार नाही. गव्हाण आमची आहेच, व तीत वासरू बांधण्यात येईल.

मुख्य विषय झाडाचा. शहरात सुरूची फांदी मिळते असे ऐकले, इथे नाही. तेव्हा अंगणात कुंपणालगत जो साग आहे तोच सजवायचे ठरले. सिस्टर गावात आल्या त्याच साली त्यांनी तो लावला, रोप मीच दिले होते. आज गोलाई छातीच्या उंचीवर अठ्ठ्याण्णव सेंटीमीटर भरली. शकुबाईने खोड रंगवायला सांगितले. मी छातीच्या उंचीवर गेरूचा पट्टा मारून वर चुन्याने २५ असा आकडा घातला, कारण नाताळ पंचवीसला असतो. कुंपणापलीकडे लहानूचे शेत आहे. त्याच्या बांधावरचे चोवीस साग त्याने परवानगी काढून ठेकेदाराला दिले आहेत व त्यांचे मार्किंग मागच्या आठवड्यात झाले. त्यातला उरलेला गेरू मला फुकट मिळाला. आकडा पाहून लहानू म्हणाला, "लटारूभाऊ, तुमचा हात नाई गेला अजून." मला बरे वाटले.

तारा व कागद पाठवावा, ही विनंती.

लटारू

*

चंद्रपूर
१५ डिसेंबर २०२३

लटारू,

तुझं पत्र मी इथे दिवाणखान्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. तहसीनच्या मैत्रिणी पोट धरून हसल्या. तीन वर्षांत ह्या बायका माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या, आता रोज विचारतात, काका, तुमच्या गावाकडच्या मित्राचं पत्र आलं का. तुझा तेवढा उपयोग झाला.

राजदरबाराचा पडदा! येशू जन्माला येणार आणि मागे खांब, झुंबरं आणि सिंहासन. मखरात बसवणार कोणाला? आणि वासरू. लटारू, वासरू दोरीला बांधलेलं असो नाहीतर नसो, ते घरात काय करतं हे तुला शेतकऱ्याच्या घरी जन्मून माहीत नाही?

पण खरी कमाल तुझ्या झाडाची. नाताळचं झाड म्हणून साग! डिसेंबरात सागाची पानं गळायला लागतात. जी राहतील ती सुपाएवढी, वाळून खडखडणारी. त्यावर लाईटची माळ सोडलीस तर दिसणार काय? आणि वर पंचवीस लिहिलंस. का, तर लोकांना तारीख कळावी. कॅलेंडर टांगलं असतंस. बत्तीस वर्षं जंगलात काढून माणसाला झाड म्हटलं की आकडाच घालावासा वाटतो, दुसरं काही सुचत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. फुलं काढायची होतीस, नक्षी काढायची होतीस. नाही, गोलाई अठ्ठ्याण्णव सेंटीमीटर!

कुरखेड्याच्या गाडीत लाल आणि हिरव्या पतंगी कागदाचे चार दस्ते पाठवतो आहे. साखळ्या शकुबाईला कर म्हणावं, तू हात लावू नकोस. तारा पाठवलेला नाही.

सिस्टर नागपुराहून तुला काही निरोप देतात का? माझा विषय निघाला असेल तर कळव. निघाला नसेल तर कळवण्याची गरज नाही.

मुजफ्फर

*

चिचटोला
२१ डिसेंबर २०२३

मुजफ्फरभाऊ,

पुढील मजकूर नेहमीच्या, पंचनाम्याच्या पद्धतीने लिहितो.

काल दिनांक वीस रोजी मी व शकुबाई दिव्यांच्या माळा आणण्यास सकाळीच कुरखेड्याला गेलो. सिस्टरचे घर बंद होते. दुपारी तीनच्या सुमारास परत आलो असता अंगणात एकदम उजेड जास्त दिसला. कुंपणालगतचा साग जमिनीवर आडवा होता. बुंधा जमिनीपासून एक वीत उंचीवर कापलेला. फांद्या छाटून एका बाजूस रचलेल्या. पंचवीस हा आकडा ओंडक्यावर स्वच्छ दिसत होता.

लहानूच्या बांधावरचे साग तोडायला ठेकेदाराने बाहेरगावचे मजूर आणले होते. त्यांना विचारले. त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "एक ते चोवीस तोडले, पुढं पंचवीस दिसला. तोच गेरू, तोच पट्टा, आकडाही सरकारी हाताचा. काऊन सोडू?" त्याचा गुन्हा मला सापडला नाही. ठेकेदार आला, यादी पाहिली, डोक्याला हात लावला व ओंडका जागेवर सोडून गेला.

गुन्हा माझ्याकडून घडला. आयुष्यभर त्या पट्ट्याचा एकच अर्थ मी लोकांना शिकवला आणि तोच माझ्या हाताने सिस्टरच्या झाडाला घातला. शकुबाई कालपासून माझ्याशी बोलत नाही. वर्षानुवर्षे त्या झाडाखाली सिस्टरनी पोरांना लस टोचली. मी त्यांना थांबवायला निघालो होतो, आता त्यांना थांबण्यासारखे अंगणात काही ठेवले नाही.

सिस्टर रविवारी येत आहेत. सांगायची माझी हिंमत नाही. तुमचे त्या ऐकतात, तुम्ही कळवा. हे पत्र एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती देत आहे.

लटारू

*

चंद्रपूर
२२ डिसेंबर २०२३

लटारू,

पत्र मिळालं. तू गाढव आहेस. कुठलं झाड तोडायचं आणि कुठलं राखायचं, एवढं ओळखायचा पगार सरकारनं तुला बत्तीस वर्षं दिला. हे लिहून झालं, आता पुढचं.

तुझं दहा तारखेचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. त्यात सगळं लिहिलेलं होतं. गेरूचा पट्टा, छातीची उंची, आकडा, पलीकडे चोवीस झाडांचं मार्किंग, आणि गेरूसुद्धा तोच. मी सुतार आहे. मार्किंगची झाडं मी लहानपणापासून पाहतो. दुसऱ्या कोणी ते पत्र वाचलं असतं तर त्या क्षणी उठून टाकीवर चढणाऱ्या कोणाला तरी फोन लावायला सांगितलं असतं. मी ते हसण्यासाठी वाचलं. गोलाईवरून तुझी टिंगल केली, आकड्यावरून केली, आणि बायका हसल्या म्हणून खूश झालो. आकडा वाचला आणि कळला नाही, हे चाळीस वर्षांच्या धंद्याला काळं फासणं आहे. झाड तू एकट्यानं पाडलं नाहीस.

आता तुला ते दुसरं कारणही सांगतो. तीन वर्षांपूर्वी नाताळला मी तारा घेऊन आलो होतो. खैरुन जाऊन चार महिने झाले होते. तिच्या शेवटच्या दुखण्यात सिस्टर रोज चिचटोल्याहून कुरखेड्याला यायच्या, तिचे केस विंचरायच्या, हे तुला माहीत आहे. मी दारात पोचलो तर तिथे भाच्यानं आणलेला प्लास्टिकचा तारा, लाल-हिरवा लुकलुकणारा, वर गाणं वाजवणारा. मी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालो, "सिस्टर, हे घर हाय का पानठेला?" त्या म्हणाल्या, "भाऊ, पोरानं प्रेमानं आणला. माझ्या दारावर राहील." मी न जेवता निघून आलो. तू मागच्या अंगणात भात वाढत होतास, मी येऊन गेलो हे तुला कळलंच नाही.

राग ताऱ्याचा नव्हता. खैरुन उंबऱ्यात थांबलेली नव्हती, आणि मी सरळ आत जाऊ शकत होतो, ते मला सहन झालं नाही. हे बोलून दाखवायला तोंड नव्हतं. थट्टा करायला होतं. मला तेवढंच येतं आणि त्यावर मी तीन वर्षं घालवली.

ओंडका ताबडतोब उन्हातून काढा आणि गोठ्याच्या सावलीत घ्या, खाली दोन दगड द्या. दोन्ही टोकांना शेण लिंपा, नाहीतर भेगा जातील. कोणी कुऱ्हाड लावली तर त्याचं नाव लिहून ठेव, ते तुला येतं.

सिस्टरना झाडाचं तू सांग. तुझं तू आणि माझं मी. पंचवीसला सकाळच्या गाडीनं येतो.

मुजफ्फर

*

चिचटोला
२९ डिसेंबर २०२३

मुजफ्फरभाऊंना मरियम्माचा सलाम.

तुम्ही आलात, जेवलात, गेलात, आणि माझ्याशी मोजून सात वाक्यं बोललात. म्हणून मला लिहावं लागतंय.

आधी घराचं सांगते, कारण तुम्ही आलात तेव्हा ते अर्धं आवरलेलं होतं. चोवीसला मी गाडीतून उतरले तेव्हा लटारूभाऊ कुंपणाशी हात जोडून, मान खाली घालून उभे. मला वाटलं गावात कोणी वारलं. मग त्यांनी सांगितलं. मला राग आला नाही असं नाही. पण तो माणूस असा उभा होता की रागवायला जागा नव्हती. मी म्हटलं, आधी आत तर जाऊ द्या.

आत राजवाडा. भिंतभर खांब आणि झुंबरं. पुढे मखर, त्यात येशू म्हणून गावातल्या रंजीताच्या पोरीची बाहुली. कोपऱ्यात गव्हाण, गव्हाणीत वासरू, आणि शकुबाईनं चार दिवस खपून केलेल्या लाल-हिरव्या साखळ्या त्यानं ओढून निम्म्या खाल्लेल्या. शेपटाखालची जमीन कशी होती ते लिहीत नाही. असलं भिकार सजवलेलं घर मी आयुष्यात पाहिलं नाही. मी इतकी हसले की गुडघ्याचे टाके ओढले आणि डोळ्यांतून पाणी आलं. भाच्याला वाटलं मी झाडासाठी रडते. शकुबाईलाही तसंच वाटलं. थोडं तसंही होतं.

मग पंचवीसला तुम्ही. सलाम नाही, दुआ नाही. ओंडक्याभोवती एक चक्कर मारलीत, वाकून दोन्ही टोकं पाहिलीत आणि लटारूभाऊंना म्हणालात, "शेणही नीट लिंपता येत नाई." मग भाच्याच्या हातातून तो प्लास्टिकचा तारा काढून घेतलात आणि शिडी मागितलीत. मी खिडकीतून बघत होते. दारावर सरळ बसेपर्यंत तुम्ही तो तीनदा काढून लावलात. मग खाली उतरून उंबऱ्याबाहेर उभे राहिलात. किती वेळ ते मी सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. खैरुनची आठवण येणारे तुम्ही एकटेच नाही, भाऊ. तीन वर्षं मी तिची आठवण कोणापाशी काढायची होती?

आणि तुमचं तेव्हाचं बोलणं खरं आहे. तो तारा पानठेल्यासारखाच दिसतो. पण तो माझ्या दारावर राहील.

आता कामाचं. निघताना तुम्ही म्हणालात, या सागाची तुम्हाला खुर्ची करून देतो, उंच बैठकीची, हातांची, म्हणजे गुडघ्यावर जोर न देता उठता येईल. पण लाकूड ओलं आहे, वाळलं पाहिजे. मी विचारलं किती दिवस, तर तुम्हाला ऐकू आलं नाही आणि बस आली.

भाचा दहा जानेवारीला गाडी घेऊन येतो. मुलगा वाईट नाही. त्याच्याकडे तिसऱ्या मजल्यावर मला खोली आहे, खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. ऑपरेशनच्या वेळी तोच होता, त्याला नाही म्हणायला मला तोंड नाही. नुसतं राहावंसं वाटतं म्हटलं तर तो मला, आपल्या मोठ्या मावशीला, म्हणतो, "पेद्दम्मा, हा हट्ट आहे." म्हणून मी त्याला सांगितलं, माझ्या झाडाची खुर्ची होईपर्यंत मी इथे थांबते. ते त्यानं मानलं. पण किती दिवस ते लेखी पाहिजे म्हणाला. मी त्याला सांगितलं आहे की मुजफ्फर मिस्त्रीनं लाकडाच्या बाबतीत कधी कोणाला खोटं सांगितलेलं नाही, अख्ख्या तालुक्याला विचार. तर लाकूड वाळायला किती दिवस लागतात, ते मला लिहून कळवा.

मरियम्मा

*

चंद्रपूर
३ जानेवारी २०२४

सिस्टर,

आजकालचे फर्निचरवाले ओलं लाकूड भट्टीत कोंबतात, आठ दिवसांत बाहेर काढतात आणि वर पॉलिश मारून विकतात. दोन पावसाळ्यांत सांधे सुटतात आणि गिऱ्हाईक हवेला दोष देतं. माझ्या मुलाच्या घरी असा एक डायनिंग टेबल आहे. मी त्यावर जेवत नाही.

तुमच्या सागाच्या फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या देऊन, सावलीत थर लावून ठेवाव्या लागतील. गावात ते कोणाला जमण्यासारखं नाही. फळ्या दर तीन महिन्यांनी उलटाव्या लागतात. लटारू त्या उलटायला गेला तर त्यांच्यावर नंबर घालून ठेवील, म्हणून ते काम मी येऊन करीन.

पाच वर्षं लागतील. त्याच्या आत मी रंधा लावणार नाही. भाच्याला हे पत्र दाखवा.

मुजफ्फर

*

चिचटोला
११ जानेवारी २०२४

मुजफ्फरभाऊंस नमस्कार.

काल दिनांक दहा रोजी सकाळी अकरा वाजता सिस्टरचा भाचा सामानाची गाडी घेऊन हजर झाला. सोबत ड्रायव्हर व दोन हमाल. सिस्टरनी त्याला तुमचे पत्र दिले. त्याला मराठी वाचता येत नाही, सबब सिस्टरनी मोठ्याने वाचले. टेबलाचा मजकूर त्यांनी गाळला. पाच वर्षे हा आकडा ऐकताच त्याने पत्र हातात घेतले व उलटसुलट पाहिले. मग तो माझ्याकडे वळला व हिंदीत म्हणाला, "चाचा, आप तो जंगलखाते के आदमी हो. आप बताओ, सच में पाच साल लगता है?"

भाऊ, खरे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. इंचाच्या फळीला सावलीत एक वर्ष पुरे होते. मलाही ते ठाऊक आहे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कागदावर एकही खोटी नोंद केली नाही. त्यापायी दोन वेळा बदली झाली, तरी केली नाही. शकुबाई माझ्याकडे टक लावून बघत होती. सिस्टर बघत नव्हत्या. त्या भिंतीकडे तोंड करून काठीची मूठ पदराने पुसत होत्या, जिला पुसण्यासारखे काही लागलेले नव्हते.

मी म्हणालो, "पाच में नाई होता. ये पुराना साग है. सात लगता है."

भाचा माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, लिहून द्या. मी कागद मागितला. मौजे चिचटोला येथील सिस्टरच्या अंगणातील साग, नंबर पंचवीस, गोलाई अठ्ठ्याण्णव सेंटीमीटर, वाळण्यास सात वर्षे, असे लिहिले, खाली सेवानिवृत्त वनरक्षक म्हणून सही केली व तारीख घातली. शकुबाईने साक्षीदार म्हणून सही केली. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली, पेद्दम्माच्या पाया पडला, चहा घेतला आणि गाडी रिकामी घेऊन गेला. हमालांना उगाच आणले म्हणून ते गाडीत बसेपर्यंत कुरकुरत होते.

गाडी वळणाआड गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "दोघंही एकापेक्षा एक खोटारडे. मी नर्स आहे, मले दिवस मोजणं शिकवून राह्यले." मी मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सात वर्षं जगीन का मी, लटारूभाऊ?"

मी म्हणालो, "सिस्टर, आता तर लेखी देल्लं."

लटारू